ॲल्फ्रेडच्या रेघा, जीनचं लाकूड

आमच्या खाली राहणाऱ्या जीन लोपीसला ‘थँक्यू’ म्हणायची खोड आहे. मीठ मागायला वर आली आणि मी दिलं, तर थँक्यू. इथवर कुणाची हरकत नसावी. पण माझ्याकडे मीठ नसलं तरी ‘थँक्यू विभा, डबे तरी बघितलेस’ म्हणून ही बाई जिना उतरते. पाण्याचा टँकर आला, थँक्यू. नाही आला, तर काल आला होता म्हणून थँक्यू. माझा स्वभाव तिखट. मी पुण्याची, त्यात अकाउंट्सवाली. जमेला काय आहे हे बघितल्याशिवाय मी कुणाचे आभार मानत नाही. त्यामुळे सुरुवातीला मला हिचा रागच यायचा. माणसानं इतकं गोड असू नये, मुंग्या लागतात.

ही जीन जपानी पद्धतीनं लाकडावर चित्रं कोरते आणि ती हातानं कागदावर छापते, हे मला शेजार लागल्यावर बऱ्याच दिवसांनी कळलं. ऑगस्टमधल्या एका दुपारी तिच्याकडे गेले तर घरातला एसी बंद. अबू धाबीत ऑगस्टात एसी बंद असला की एक तर मशीन बिघडलेलं असतं किंवा माणूस. आत जाऊन बघते तो जीन स्वयंपाकघरामागच्या मेड्स रूममध्ये जमिनीवर बसलेली, तोंड लालबुंद, घामानं गाऊन भिजलेला, आणि हातातल्या चपट्या गोल गादीनं एका कागदाची पाठ घासतेय. मला वाटलं, हिला भोवळ-बिवळ आली.

‘एसी लावला की कागद वाळतो गं,’ ती म्हणाली. ‘ह्या कामाला पेपर ओलसरच लागतो. आणि इथली हवा बघ, एकदम परफेक्ट. थँक गॉड फॉर द ह्युमिडिटी!’

इथल्या दमट हवेचे आभार मानणारं माणूस मी आखातात त्याआधी पाहिलं नव्हतं आणि त्यानंतरही पाहिलेलं नाही. मग तिनं तो कागद दोन बोटांनी कोपऱ्यातून उचलला आणि अलगद उलटला. खाली दुबईच्या बाजूचं जबल अली होतं. गोदामांचे पत्रे, मागे बंदराच्या क्रेन्स, त्यांच्यावर पहाटेचं निळसर धुकं, वर जाता जाता पांढरं होत गेलेलं. आणि उजव्या कडेला, नखाएवढी, बसची वाट बघत उभी असलेली एक बाई. ज्या जबल अलीतून माझा नवरा राजन रोज शिव्या देत घरी येतो, ते इतकं देखणं असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

आम्ही मोहम्मद बिन झायद सिटीत राहतो. इथे मोठमोठे व्हिला आहेत आणि एकेका व्हिलाचे पाच-सहा फ्लॅट करून आमच्यासारखी कुटुंबं राहतात. वरचा फ्लॅट आमचा, म्हणजे मी, राजन आणि आमची लेक अवनी. खालचा लोपीसांचा, त्यांचा मुलगा ॲरॉन शिकायला कॅनडात गेला आणि तिथलाच झाला. खालच्यांना अंगण आहे, लिंबाचं एक झाड आहे आणि ती मेड्स रूम आहे. मेड ठेवायची ऐपत दोघांचीही नव्हती, म्हणून त्या खोलीत जीनची लाकडं राहायला आली.

जीन मूळची वसईजवळच्या नंदाखालची. लग्न करून इकडे आली ती ॲल्फ्रेडच्या मागून. ॲल्फ्रेड इथल्या एका हॉटेलच्या बेकरीत. जीन जबल अलीतल्या एका जपानी कंपनीच्या ऑफिसात लागली आणि कंपनीच्या बसनं रोज जाऊ-येऊ लागली. त्या ऑफिसच्या मॅनेजरची बायको घरी बसून कंटाळली होती. तिनं शुक्रवारी ऑफिसातल्या बायकांना लाकडावरची छपाई शिकवायचं काढलं. पहिल्या शुक्रवारी जपानी चहा आणि केक होता म्हणून सगळ्या गेल्या. दुसऱ्या शुक्रवारी बोटं कापली म्हणून निम्म्या गळाल्या. शेवटी राहिली एकटी जीन. बाईंचं इंग्रजी जेमतेम आणि जीनचं जपानी म्हणजे ‘सेन्सेई’, अर्थात ‘गुरू’, हा एक शब्द. तरी दोघी शेजारी शेजारी बसून वर्षानुवर्षं कोरत राहिल्या. सेन्सेई जपानला परत गेल्या तेव्हा आपल्या सुऱ्या, पटाशा आणि बांबूच्या पानात गुंडाळलेली ती घासायची गादी, तिला बारेन म्हणतात, सगळं जीनच्या ओटीत टाकून गेल्या. त्यांचं नाव निघालं की जीनचे डोळे अजून भरतात.

पण जीनला चित्र काढता येत नाही. हे ती स्वतः सांगते. ‘मी काढलेला उंट लोकांना खुर्ची वाटतो,’ म्हणते. चित्र काढायचा ॲल्फ्रेड. बेकरीत केकवरची नक्षी उतरवायला पातळ, आरपार दिसणारा कागद असतो. पहाटेची पाळी संपली की तो त्याच कागदाची गुंडाळी आणि एक ब्रश घेऊन निघायचा. कधी खाडीवर, कधी मुसाफ्फाच्या धक्क्यावर, सुट्टी असली तर हत्ताच्या डोंगरात. हा देश म्हणजे उंच बिल्डिंगा आणि मॉल, असं इथे राहणाऱ्यांनाच वाटतं. ॲल्फ्रेडला मात्र ओहोटीचा चिखल दिसायचा, वाळूवर पडलेली विजेच्या तारांची सावली दिसायची. प्रत्येक चित्रात उजव्या कडेला तो एक इवलीशी बाई काढायचा. कधी छत्री घेतलेली, कधी चपला हातात धरलेली. ‘कोण ही?’ मी एकदा विचारलं. ‘माझी बायको. कुठेही गेलो तरी येते मागनं, काय करणार?’ ॲल्फ्रेड म्हणाला आणि जीननं त्याच्या पाठीत धपाटा घातला.

आता ह्या कामातली एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. काढलेलं चित्र लाकडाच्या फळीवर पालथं चिकटवतात, रेघांची बाजू खाली. कागद पातळ असल्यामुळे पाठीतून रेघा दिसतात, पण उलट्या, डावीकडचं उजवीकडे झालेलं. मग त्या कागदासकट लाकूड कोरायचं. रेघ तेवढी उभी ठेवायची, बाकी सगळं लाकूड काढून टाकायचं. फळीवर चित्र उलटं, म्हणून छापल्यावर कागदावर सुलटं. आणि मूळ चित्र? ते कोरण्यात जातं. त्याचा कपटासुद्धा उरत नाही.

मला हे ऐकून धक्काच बसला होता. ‘अगं, फोटोकॉपी काढून चिकटव ना,’ मी म्हणाले. अवनी म्हणाली, ‘Just scan it, aunty. It’s so simple.’ जीन हसली. बरेच लोक तसंच करतात म्हणाली. पण ह्या दोघांचं ठरलेलं होतं. ॲल्फ्रेड तांदळाची खळ शिजवायचा, केकवर आयसिंग पसरावं तशी ती तळहातानं फळीवर पसरायचा, आणि आपलं चित्र आपल्या हातानं पालथं घालायचा. मग फळी जीनच्या पुढ्यात सरकवून म्हणायचा, ‘घे, आता तुझं.’ त्यानं दिल्याशिवाय जीननं कधी सुरी उचलली नाही.

आणखी एक रीत त्यांची स्वतःची होती. चित्र छापून झालं की पहिली प्रत विकायची नाही, घरात ठेवायची नाही. जिथलं चित्र, तिथल्या माणसाला द्यायची. जबल अलीची पहिली प्रत कंपनीच्या बसचा ड्रायव्हर अफनान ह्याला मिळाली. तो बिचारा ती घेऊन उभाच राहिला. ‘मॅडम, इसमें मेरा बस किधर है?’ त्यानं विचारलं. ‘आनेवाला है ना,’ जीन म्हणाली, ‘वो औरत उसीके लिये खडी है.’ अफनाननं ती प्रत पेशावरला घरी पाठवली. राजन मला म्हणाला, ‘बघ, जबल अलीचं चित्र कुणीतरी फ्रेम करून लावलंय. आता मलाही तिथे जाताना जरा बरं वाटेल.’

मागच्या उन्हाळ्यात ॲल्फ्रेडला बेकरीतच झटका आला. हातातला ट्रे पडला आणि मागून तोही. बरोबरच्या मुलांनी वेळ न दवडता हॉस्पिटल गाठलं म्हणून माणूस वाचला. पण उजवा हात लुळा पडला, उजवा पाय फरफटू लागला आणि बोलणं गेलं. बोलणं म्हणजे एक शब्द सोडून सगळं. बेकरीत ट्रे भरला की हे लोक ओरडतात तो ‘खलास’ तेवढा मागे राहिला. भूक लागली तरी खलास, पोट भरलं तरी खलास. कधीकधी आम्ही हसायचो आणि तोही हसायचा, आणि मग एकदम त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं.

जीननं जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. हॉस्पिटलातून घरी सोडताना कुणीतरी तिला सांगितलं होतं, कमजोर बाजूला बसा, त्या हाताला चोळा, त्या बाजूनं बोलत राहा, म्हणजे ती बाजू जागी राहील. जीनला सांगितलेली गोष्ट म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पलंगाची डावी बाजू भिंतीला लावली आणि ही उजवीकडे. जेवताना उजवीकडे, चालवताना उजवा दंड धरून, संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकली तर हिचा स्टूल उजवीकडे. ऑफिसनं घरून काम करायची सवलत दिली, त्यांना थँक्यू. माझ्या पोळ्यांना थँक्यू. राजन ॲल्फ्रेडची दाढी करून द्यायचा, त्याला तर दोनदा.

एके संध्याकाळी मी खाली गेले तर जीन एकटीच लिंबाखाली बसली होती. मला बघून ती काही बोलली नाही, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी बिनसलंय.

‘विभा, तो माझ्याकडे बघत नाही,’ ती म्हणाली.

‘काहीतरीच काय!’

‘खरंच सांगते. राजन समोर येऊन बसला की हसतो. अवनी आली की हात हलवतो. मी शेजारी बसून तासभर बोलते, आणि हा समोरच्या भिंतीकडे. ताटातला अर्धा भात टाकून देतो. मी केलेलं जेवणसुद्धा नको झालंय.’ मग म्हणाली, ‘त्या दिवशी सकाळी तो मला म्हणाला होता, डोकं जड आहे, आज जात नाही. मी म्हटलं, लग्नाच्या केकची ऑर्डर आहे ना, यल्ला, ऊठ, नाटकं नकोत. मी पाठवला त्याला. तो विसरलेला नाहीये ते.’

मी तिला खूप समजावलं. माणूस आजारी आहे, मेंदूला मार बसलाय, मनावर घेऊ नकोस, वगैरे. पण आपल्याला कुणी दोष दिला तर भांडता येतं. जीनला दोष देणारा माणूस बोलतच नव्हता, आणि ती त्याची सगळी गप्प बसणी जोडत बसली होती. मला त्या घटकेला ॲल्फ्रेडचाही राग आला. एवढी सेवा करतेय बायको, एकदा मान वळवायला काय जातं?

मेड्स रूममध्ये ॲल्फ्रेडचं एक चित्र तसंच पडून होतं. आजारी पडायच्या आदल्या आठवड्यात काढलेलं. खाडीतली खारफुटी, ओहोटी लागलेली, लांबवर दोन धुराडी, आणि उजव्या कडेला पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभी असलेली बाई. त्याच्या उजव्या हातानं काढलेलं हे शेवटचं. अवनीनं ते स्कॅन करून ठेवलं होतं. प्रिंट काढून आणते, ती चिकटव आणि कोर, निदान तुझा हात तरी चालू राहील, असं मी दहादा म्हटलं. जीनचं एकच उत्तर. ‘त्यानं दिलं तर कोरेन. नाही दिलं तर नाही.’ आता हे चित्राबद्दल राहिलंच नव्हतं. त्यानं आपल्याला माफ केलंय की नाही, ते तिला त्या फळीवरून कळायचं होतं.

शहरबानू म्हणून एक इराणी मुलगी ॲल्फ्रेडला व्यायाम द्यायला घरी यायची. तिनं सुचवलं, डाव्या हाताला ओळखीचं काम द्या, चमचा-बॉल पुरे झालं. म्हणून एका शनिवारी सकाळी जीननं खळ शिजवली, अंगणात टेबल मांडलं, त्यावर फळी, खळीचं भांडं, ब्रश आणि ते चित्र ठेवलं. मी थालीपीठं घेऊन खाली आले होते. जीन त्याच्या उजवीकडे बसून त्याला सांगत होती, ‘तुला वाटलं तर दे. वाटलं तरच हं.’ तो समोर बघत होता. तेवढ्यात फाटकाशी गॅसवाला आला. जीन उठून गेली, मी थालीपीठं ठेवायला आत गेले.

परत येऊन बघतो तर काम झालेलं! डाव्या हातानं त्यानं खळ फासली होती, थोडी फळीला, बरीच शर्टाला, आणि चित्र चिकटवून तळहातानं एकही सुरकुती न ठेवता बसवलं होतं. चेहऱ्यावर असा आनंद की मी इतक्या महिन्यांत पाहिला नव्हता. ‘खलास!’ तो म्हणाला.

‘अगं, किती छान बसवलंय!’ मी ओरडले. ‘बघ ना, अगदी काढलं तसंच्या तसं दिसतंय.’

जीन पांढरीफटक पडली. ‘म्हणूनच चुकलंय,’ ती हळूच म्हणाली.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कागद आरपार दिसणारा, दोन्ही बाजू सारख्याच. त्यानं चित्र पालथं घालण्याऐवजी उताणं चिकटवलं होतं. फळीवर ते सुलटं दिसत होतं, म्हणजे छापल्यावर उलटं येणार. धुराडी ह्या बाजूची त्या बाजूला, बाई उजवीची डावीकडे. आणि ओला कागद, तोही असा पातळ. सोडवायला गेलं तर चिंध्या.

‘काही बिघडलं नाही,’ मी म्हणाले. ‘स्कॅन आहे आपल्याकडे. दुसरी फळी घे, नव्यानं करू.’

जीन त्या फळीकडे बघत उभी राहिली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती पुसत नव्हती. मग ॲल्फ्रेडनं डाव्या हातानं फळी ढकलली. आधी जरा, मग आणखी, टेबलाच्या पार कडेपर्यंत, ती उभी होती तिकडे.

‘त्यानं दिलंय, विभा,’ जीन म्हणाली. ‘उलटं दिलंय, पण दिलंय ना? मी हेच कोरणार.’

हिवाळाभर खालून लाकडी हातोडीची टकटक येत राहिली. कागदावर खोबरेल तेल चोळून रेघा ठळक करायच्या, प्रत्येक रेघेच्या दोन्ही अंगांनी सुरी फिरवायची आणि मधलं लाकूड पटाशीनं उकरायचं. रेघांची एक फळी, शिवाय प्रत्येक रंगाची वेगळी. मला ती टकटक इतकी सवयीची झाली की थांबली की मी जिन्यातून डोकावून बघायचे. ॲल्फ्रेड खुर्चीत, जीन त्याच्या उजवीकडे जमिनीवर. तो अजूनही समोरच बघायचा. पण फळी दिल्यापासून जीनचा जीव थोडा तरी थाऱ्यावर होता. राजननं तर तोडगाच काढला. ‘उलटं कसलं? समोरच्या काठावरून बघितलं की खाडी अश्शीच दिसते. होडी करून जायला पाहिजे फक्त. होडीचं भाडं पन्नास दिरहॅम, म्हणजे बघ, हजार-बाराशे रुपये वाचले.’

छापायच्या दिवशी जीननं मला मुद्दाम बोलावलं. फेब्रुवारीतली सकाळ होती, बाहेर दाट धुकं, हवा ओलसर. तिच्या भाषेत परफेक्ट. फळीवर पाण्याचा ब्रश, मग रंग, रंगात खळीचा थेंब, त्यावर कोपऱ्यातल्या खाचेला लावून अलगद टाकलेला कागद, आणि पाठीवरून बारेन. एक रंग, मग दुसरा, मग आभाळाचा निळा, खालून वर विरत जाणारा. शेवटी काळ्या रेघा. तिनं कागद उचलला. खरं सांगते, माझ्या अंगावर काटा आला. खाडी उलटी होती की सुलटी, ह्याचा मला विसरच पडला. ॲल्फ्रेडच्या हाताची प्रत्येक रेघ तिथे होती, कुठे दाबलेली, कुठे उचललेली. तो हात आता टॉवेलसारखा मांडीवर पडला होता, आणि ह्या बाईनं तो वाचवला होता.

जीननं तो ओला छाप त्याच्यासमोर टेबलावर ठेवला आणि आपल्या जागी, उजवीकडे, जाऊन बसली. ॲल्फ्रेडनं बघितलं. डावा हात उचलला आणि तर्जनी थेट त्या बाईवर ठेवली. पाण्यात उभ्या असलेल्या त्या इवल्याशा बाईवर. ‘खलास,’ तो म्हणाला, पण आवाज असा, की जणू बऱ्याच दिवसांनी कुणी घरी आलंय. बोट उचलेना.

‘हो रे, उलटी आली मी,’ जीन म्हणाली. तिला वाटलं, तो आपली चूक दाखवतोय.

पण तो चूक दाखवणाऱ्या माणसासारखा दिसत नव्हता. मी जीनकडे बघितलं. तिच्याही मनात काहीतरी आलं असावं. ती उठली, भिंतीवरचं जबल अलीचं चित्र काढून आणलं आणि नव्या छापाच्या जागी ठेवलं. ‘आणि इथे मी कुठेय? दाखव.’

ॲल्फ्रेडचं बोट डावीकडून निघालं. गोदामांवरून, क्रेन्सवरून मध्यापर्यंत आलं आणि थांबलं. परत डावीकडे गेलं. पुन्हा मध्यापर्यंत. त्यापुढे जणू कागदच संपला होता. तो गोंधळून शोधत राहिला. बाई उजव्या कडेला होती, त्याच्या बोटापासून वीतभर लांब, आणि त्याला ती दिसत नव्हती.

जीननं चित्र हळूहळू डावीकडे सरकवायला सुरुवात केली. इंच इंच. बसची वाट बघणारी ती बाई त्याच्या नाकासमोरून पुढे गेली मात्र, आणि ॲल्फ्रेड दचकला. बोट झटकन तिच्यावर. ‘खलास! खलास!’

आम्हा दोघींना एकदमच एकेक आठवायला लागलं. ताटातला उरलेला भात कायम उजव्या बाजूचा असायचा. दाराच्या चौकटीला आपटून काळंनिळं व्हायचं ते उजवंच कोपर. आम्ही पायाला दोष देत होतो. पुढे डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून तेच सांगितलं. डोळे शाबूत आहेत, पण झटक्यानं उजव्या अंगाचं दिसणंच गेलंय. बोलता येत नाही म्हणून तो सांगू शकला नाही. काही व्यायाम आहेत, मान वळवून बघायची सवय लावता येते, असंही म्हणाले. पण ते पुढचं.

त्या सकाळी जीन आपल्या स्टुलावर होती, त्याच्या उजवीकडे, इतके महिने बसली होती तिथेच. ती उठली. खुर्ची आणि भिंत ह्यांच्यामधल्या फटीतून अंग चोरत, टेबलाचा पाय लाथाडत, पलीकडे गेली आणि त्याच्या डाव्या गुडघ्याशी खाली बसली.

ॲल्फ्रेडनं तिला बघितलं. येता-जाता दिसत असेलच ती त्याला, पण अशी समोर, हातभर अंतरावर, नाही. आजारपणापासून जीननं केस रंगवायचे सोडून दिले होते. त्याच्या आठवणीतली बायको काळ्याभोर केसांची होती, आणि समोर बसलेलीचं डोकं निम्म्याहून पांढरं झालं होतं. त्यानं डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला. एक बट उचलून उजेडात धरली. छापाचा ओला निळा रंग त्याच्या बोटाला लागला होता, तो तिच्या पांढऱ्या केसांत उतरला.

माझ्यासारख्या तिखट बाईनं त्या क्षणी तिच्या देवाचे, सेन्सेईंचे, त्या चुकीचे, सगळ्यांचे एकदम आभार मानले.

‘मला वाटलं, तू माझ्यावर रागावलायस,’ जीन म्हणाली.

ॲल्फ्रेडनं मान हलवली. नाही. पुन्हा हलवली, जोरात. मग त्याच डाव्या हातानं तिची मान धरून तिचा चेहरा आपल्या आणखी जवळ ओढला आणि डोळ्यांची पापणी न लववता बघत राहिला, बघत राहिला.